पर्मनंटचं वजन

काकासाहेबांनी आयुष्यात दोनच शोध लावले. पाटाची चारी फुटणार असली की आदल्या दिवशी मातीला वास येतो, हा पहिला. त्यावर पाटबंधाऱ्याच्या एकाही साहेबानं विश्वास ठेवला नाही. बाळाचं वजन बापाच्या ऑर्डरीवर असतं, हा दुसरा. त्यावर सगळ्या घराचा विश्वास बसला आणि तिथून घोटाळा सुरू झाला.

पुरावा घरातच होता. थोरला बबलू जन्मला तेव्हा काकासाहेब पाटावर रोजंदारीत होते. आज हजेरी लागली, उद्याचं मुकादमाला ठाऊक. बबलू निघाला उंदराएवढा. चतुराबाईंनी त्याला कापसात गुंडाळून वाढवला. एक्क्याण्णवला काकासाहेबांना सेवेत कायम केल्याची ऑर्डर मिळाली, त्र्याण्णवला राधेश्याम झाला, आणि त्याला उचलताना सुईणीची कंबर धरली, हे वडीगोद्रीतली जुनी माणसं अजून सांगतात. पुढची पिढीही सिद्धान्ताला धरूनच वागली. बबलू विजेच्या खात्यात कायम वायरमन. त्याचा मुलगा साडेतीन किलो. राधेश्याम घनसावंगीला तालुक्याच्या कचेरीत कंत्राटावर, कॉम्प्युटरपुढं. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग खंड, मग नवीन ऑर्डर आली तर आली. त्याची मुलगी एक किलो सातशे ग्रॅम.

"चार बाळंतपणं, चार वजनं," काकासाहेब पारावर सांगायचे. "कोर्टबी याच्याहून जास्ती पुरावा मागत न्हाई."

ऑर्डर आणि वजन यांच्या मधलं काही त्यांना दिसलं नव्हतं, कारण मधलं सगळं बायकांच्या खोलीत घडतं. सुनेला, आकांक्षाला, सहावा महिना लागला तेव्हा राधेश्यामची ऑर्डर दोन महिने लटकली होती, आणि मग आली तीही पाचच महिन्यांची. ती स्वतः गावातल्या खासगी इंग्रजी शाळेत वर्षाच्या बोलीवर शिकवायची. आदल्या वर्षी तिथली एक बाई बाळंतपणाला गेली आणि परत आली तेव्हा तिच्या खुर्चीवर दुसरी बाई बसलेली होती. म्हणून आकांक्षानं ओढणी रुंद घेतली आणि आठव्या महिन्यापर्यंत फळ्यापुढं उभी राहिली. रात्री ती पंख्याची पाती मोजायची. पाती तीनच होती, पण ती पहाटेपर्यंत मोजायची. बाळ पाच आठवडे आधी आलं आणि अठरा दिवस जालन्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिलं.

घरी पाठवताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आईला झोप मिळू द्या. धास्ती नको. दूध त्यानंच उतरतं." चतुराबाईंनी याचा अर्थ डिंकाचे लाडू असा घेतला. लाडवांचा डबा तीन दिवसांत रिकामा झाला तरी काटा हलेना. तेव्हा एकविसाव्या दिवशी काकासाहेबांनी ट्रंक उघडली, आपली एक्क्याण्णव सालची ऑर्डर काढली, एक अंगठा नावावर ठेवला, दुसरा तारखेवर, आणि कागद सुनेसमोर धरला.

"वाच. आडनाव तुझ्या नवऱ्याचंच हाय. सेवेत कायम."

आकांक्षानं कागदाकडे पाहिलं, मग अंगठ्यांकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या तोंडाकडे. "बरं झालं मामा," म्हणाली, कुशीवर वळली आणि दिवे लागेपर्यंत झोपली. त्या दिवसापासून पोरगी रोज वीस-पंचवीस ग्रॅमनं वाढायला लागली. काकासाहेबांनी ऑर्डर परत ट्रंकेत ठेवली आणि राधेश्यामला पर्मनंट माणसासारखं वागायची शिकवणी लावली.

"घाईत निघू नको. पर्मनंट माणूस साडेधाच्या जीपनं जातो. पहिल्या रिंगीत फोन उचलू नको. अन् रविवारी फायली घरी आणायच्या न्हाईत, बिलकुल."

राधेश्यामनं चार दिवस हे पाळलं. पाचव्या दिवशी कचेरीत त्याला विचारलं गेलं की तब्येत बरी नाही का, आणि नसेल तर दुसरा मुलगा तयार आहे. तेव्हापासून तो सातच्या जीपनं जायला लागला आणि घरी सांगायला लागला की पर्मनंटला जबाबदारी जास्त असते.

आज पोरगी बेचाळीस दिवसांची झाली होती. बाराव्या दिवशी ती पेटीत होती, म्हणून बारसं आज, शनिवारी. पाळण्यात घालून झालं, कानात कुर्र्र झालं, नाव मृण्मयी ठेवलं. चतुराबाईंना ते म्हणता येईना, म्हणून त्यांनी जागच्या जागी मनी केलं आणि विषय संपवला. बायका घुगऱ्या वाटत होत्या. दुपारून आशाताई बेबीनंदा काटा घेऊन येणार होती. अडीच किलो भरली की निम्मी काळजी गेली, असं ती मागच्या खेपेला म्हणाली होती, आणि काकासाहेब सकाळपासून रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

तेवढ्यात आकांक्षानं आपल्या वडिलांना, म्हणजे काकासाहेबांच्या व्याह्यांना, रामकिसन इवायांना, हाक मारली. ते धावड्याहून आले होते. वाट लांबची, म्हणून पिशवी हातातच.

"बाबा, जाताना हा लिफाफा शाळेत द्या. ऑफिसात न्हाई, संस्थेच्या सरांच्या हातात."

"काय हाय त्यात?"

"राजीनामा," आकांक्षा म्हणाली. "सोमवारी हजर व्हा, न्हाईतर दुसरी बाई घेतो, असा निरोप आलाय. म्हटलं, घ्या. आता हे पर्मनंट झाले. मी कशाला तान्ही लेक सोडून जाऊ?"

काकासाहेबांच्या घशात घुगऱ्यांतला एक हरभरा आडवा झाला.

"लाखातलं बोलली," रामकिसन म्हणाले आणि काकासाहेबांच्या पाठीत थोपटायला लागले. "इवाई, पाणी घ्या. जावईबापू पर्मनंट झाले, मंग पोरीनं काहून हाल काढायचे? मी तर धावड्यात पंचायतीच्या भिंतीवर लिहून घेतलं. अभिनंदन, खाली जावयाचं पूर्ण नाव."

काकासाहेब पाणी प्याले, हरभरा उतरला, बाकीचं तसंच राहिलं. त्यांनी बबलूकडे पाहिलं. बबलूनं राधेश्यामकडे पाहिलं. तिघं एकामागोमाग एक कडब्याच्या गंजीमागं गेले. या घरात गंजीमागं जाणं म्हणजे सभा. विहिरीची वाटणी झाली ती तिथंच, आणि मोडली तीही तिथंच.

"आबा, मी तुम्हाला म्हणलो होतो," राधेश्याम म्हणाला.

"काय म्हणला होता?"

राधेश्यामनं आठवून पाहिलं. तो काहीच म्हणाला नव्हता. "म्हणणार होतो," त्यानं दुरुस्ती केली.

"तिला सांगितलं तर दूध आटंल," काकासाहेब म्हणाले. "न सांगावं तर तिची शाळा जाईल. अन् तुझी ऑर्डर तीस तारखेला संपून राह्यली. मंग घरात नोकरी राहिली कोणाची? एक बबलूची, एक म्हशीची, अन् माझी पेन्शन."

"सोपं हाय," बबलू म्हणाला. खांबावर चढून काम करणाऱ्या माणसाला खालचं सगळं सोपं दिसतं. "काही सांगायचं न्हाई. आधी अडीच किलो होऊ द्या. इवायाची पिशवी मी जीपपर्यंत धरतो, अन् लिफाफा वाटेत पडतो. पडला तर पडला."

"वा," मागून आवाज आला. बबलूची बायको दैवशाला घुगऱ्यांचं पातेलं कमरेवर घेऊन उभी होती. "खोटं बोलून झालं, आता चोरीबी करा."

"तू काहून आली इथं?"

"पातेलं घासायला आले. हौद इथं हाय." तिनं पातेलं खाली ठेवलं, घासलं मात्र नाही. "मला ही ऑर्डरीची गोष्ट आधीपासून पटली न्हाई. माझा साडेतीन किलोचा झाला तर ह्यांच्या ऑर्डरीचं कौतुक. सासरी, माहेरी, पारावर. नऊ महिने मी काय ऑर्डर खाल्ली का? भाकर खाल्ली मी. अन् आता आकांक्षाची बारीक झाली तर म्हणं कंत्राटी लेकरू. ती पोर ऐकत असती हे, मामा. भिंत विटांचीच हाय."

"कंत्राटी कोण म्हणलं?"

"तुमी म्हणले. पारावर. माईकच तेवढा न्हव्हता."

बबलू बायकोच्या बाजूला सरकला. "तसं सांगून टाकलेलं बराबर राहील, आबा," म्हणाला.

काकासाहेबांनी गोतावळ्यात असे पक्ष बदलताना बरेच पाहिले होते, पण एका पातेल्यावरून पहिल्यांदाच. त्यांनी शेवटचा आधार म्हणून, शेण टाकून येणाऱ्या चतुराबाईंना हाक मारली.

"तू सांग यांना. राधेश्यामच्या टायमाला काय झाल्तं? माझी ऑर्डर आली अन् तू भरली का न्हाई?"

चतुराबाईंनी घमेलं ठेवलं. "भरले."

"ऐका."

"ऑर्डर आली म्हणून न्हाई. तुमी घोरायला लागले म्हणून." त्या हात झटकत म्हणाल्या. "बबलूच्या टायमाला तुमी रातभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर. अन् दर घंट्याला मला उठवून विचारायचे, उद्या हजेरी लागंल का? मी काय मुकादम होते? पोटात लेकरू, डोळ्याला डोळा न्हाई, सकाळी पुन्हा निंदायला. मंग ते उंदरावानी न्हाई व्हणार तर काय हत्तीवानी व्हणार? ऑर्डर आली त्या राती तुमी असे घोरले की म्हैस उठून उभी राह्यली. तव्हा मला झोप लागली. घोरण्यात."

"म्हंजी ऑर्डरीमुळंच झालं ना?"

"ऑर्डरीमुळं तुमी निजले. तुमच्यामुळं मी."

"मंग माझंच बराबर हाय."

पस्तीस वर्षांपूर्वीची झोप चतुराबाईंनी आज पहिल्यांदा मोजून दाखवली होती आणि नवऱ्यानं ती आपल्याच खात्यात जमा केली. त्यांनी तो नाद सोडला आणि राधेश्यामकडे बोट दाखवलं. "अन् ह्याच्याकडं बघा जरा. लेक वाढून राह्यली अन् बाप उतरून राह्यला. पँट सुतळीनं बांधून चालला काल हापिसात. याला झोप न्हाई तर तिला किती दिवस येईल?"

सगळ्यांनी राधेश्यामकडे पाहिलं. त्यानं नको तिथं, म्हणजे कमरेच्या सुतळीवर, हात ठेवला.

"मंग सांगायचं कोणी?" काकासाहेबांनी विचारलं.

यावर सभेत पहिल्यांदा एकमत झालं. सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले.

अंगणात बेबीनंदाची स्कुटी थांबल्याचा आवाज आला.

बेबीनंदा आशाताई म्हणजे कपाळावर घाम, खांद्यावर पिशवी आणि पिशवीत अर्ध्या गावाची वजनं. तिनं काटा खुंटीला टांगला, त्याला कापडाची जोळी अडकवली. रामकिसन एक पाय चपलेत घालून दारात उभे राहिले. नातीचं वजन ऐकून निघायचं होतं. लिफाफ्याचं टोक पिशवीतून बाहेर दिसत होतं. काकासाहेबांनी मनाशी ठरवलं, आधी वजन, मग सत्य. दोन-चार मिनिटांनी सत्याचं काही बिघडत नाही, वजनाचं बिघडू शकतं.

"वाळे काढा," बेबीनंदा म्हणाली.

"चांदीचे हायेत. मामाकडचे," काकासाहेब म्हणाले. "राहू द्या की."

"बाबा, मला पोरीचं वजन पाहिजे, मामाचं न्हाई. टोपडं काढा. करदोडा राहू द्या. लंगोटबी काढा."

पोरगी जोळीत गेली, उघडी, लालसर, मुठी आवळलेली. जोळी हलली, काटा थरथरला. सगळ्या घराचा श्वास त्या काट्यावर जमा झाला. काटा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

"हात लावू नका कोणी. थांबू द्या त्याला."

"बरं, मी निघतो तर," रामकिसन म्हणाले. "जीप लागली असंल. फोनवर सांगा." त्यांनी दुसरा पाय चपलेत घातला.

काकासाहेबांनी काट्याकडे पाहिलं. तो थांबत नव्हता. चप्पल चालायला लागली होती.

"इवाई, थांबा," ते म्हणाले. "राधेश्याम पर्मनंट न्हाई."

रामकिसन वळले.

"त्याची ऑर्डर तीस तारखेला संपून राह्यली. तो कागद माझा व्हता. खोटं मी बोललो, घरातल्या बाकीच्यांनी नुसतं ऐकलं. पोरी, तू राजीनामा देऊ नको." एवढं बोलून ते जोळीकडे पाहत राहिले. त्यांची अशी समजूत होती की आता तिथून काहीतरी ग्रॅमग्रॅमनं गळायला लागेल.

"माहिती आहे मामा," आकांक्षा म्हणाली.

"काय माहिती हाय?"

"कागद तुमचा होता ते. नावावर अंगठा होता, पण हुद्द्यावर न्हव्हता. पाटकरी लिहिलं होतं. आता कचेरीत कॉम्प्युटरमधून पाटाला पाणी सोडत असतील तर गोष्ट वेगळी."

दैवशालाला हसू आलं आणि तिनं ते पदरात धरलं. काकासाहेबांना मात्र एकच प्रश्न पडला होता, आणि तो शास्त्रीय होता.

"मंग तू झोपली कशी?"

जोळीतल्या पोरीचा पाय बाहेर आला होता, आकांक्षा तिकडे पाहत बोलली.

"मामा, चार महिने ह्या घरात ऑर्डरीचं नाव निघालं की सगळे उठून जायचे. हे भिंतीकडं तोंड करायचे. मला वाटायचं, काळजी करायला मी एकटीच ठेवली आहे. त्या दिवशी तुमचे दोन्ही अंगठे बघितले. कागद फाटतो का काय असे थरथरत होते. म्हटलं, चला, मामा पण भ्यायलेत. आता भ्यायला माणूस आहे, आपण जरा झोपून घ्यावं."

काकासाहेबांनी नकळत दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"अन् राजीनामा?" रामकिसन म्हणाले. "हा काय हाय मंग?"

"सोमवारी हजर होतेय म्हणून लिहिलंय. अन् मधल्या सुट्टीत घरी येऊन पाजायची परवानगी." ती राधेश्यामकडे वळली. "मी झोपले अन् ह्यांनी पंखा बघायला घेतला. विचारलं तर म्हणायचे, पर्मनंटची जबाबदारी आहे. म्हटलं, ह्या घरात कोणीतरी खरं बोलेल अशी काही सोय करावी."

"मला सांगायचं की," राधेश्याम म्हणाला.

"तुम्ही सांगितलं का मला?"

राधेश्यामनं सुतळीची गाठ पुन्हा आवळली.

"मंग भिंतीचं काय?" रामकिसन म्हणाले.

"पुसायला लावा की," बबलू म्हणाला.

"ऑइल पेंट हाय ते."

बेबीनंदानं या सगळ्याकडे लक्ष दिलं नव्हतं. ती काट्याकडे पाहत होती. "दोन किलो चारशे पन्नास," म्हणाली आणि वहीत लिहिलं.

"बघा," काकासाहेब म्हणाले. "खरं बोललो अन् पन्नास ग्रॅम उतरली."

"बाबा, ती वाढलीच हाय. मागच्या खेपेला दोन दोनशे व्हती. आता पन्नास राहिले तर राहिले. पण अडीचपर्यंत उघड्या छातीशी धरणं चालू ठेवा, दवाखान्यात शिकवलं तसं. सोमवारपासून ही शाळेत, मंग धरणार कोण?"

राधेश्यामला तीस तारखेपर्यंत कचेरी होती. दैवशालाच्या अंगावर तिचाच साडेतीन किलोचा, आता पंधराचा झालेला, लोंबत होता. चतुराबाईंचा खांदा धरलेला. हिशोब ज्याच्यापाशी येऊन थांबला ते गृहस्थ खुंटीकडे पाहत होते.

"बाप्या माणसानं?" ते म्हणाले.

"बाप्याची छातीबी गरमच असती," बेबीनंदा म्हणाली.

"मामा, दहा ते चार," आकांक्षा म्हणाली. "मधल्या सुट्टीत मी येते. दूध काढून ठेवीन, वाटी-चमच्यानं आत्याबाई पाजतील. तुम्ही फक्त धरायचं."

"सुट्टी?"

"रविवारी."

"अन् हे कायम का?"

"न्हाई. अडीच किलोपर्यंत. पुढचं काम बघून."

काकासाहेबांनी अटी मान्य केल्या. तेरा वर्षं रोजंदारी केलेल्या माणसाला अटी मान्य करायची सवय असते, ती पेन्शनमध्येही जात नाही. त्यांनी शर्ट काढला, बंडी काढली, भिंतीला पाठ लावून बसले. बेबीनंदानं पोरगी त्यांच्या पिकलेल्या केसांच्या छातीवर पालथी ठेवली, मान एका बाजूला केली आणि चतुराबाईंच्या जुन्या मऊ पातळानं दोघांना बांधून टाकलं. पोरगी दोनदा नाक घासून गप्प झाली. काकासाहेब खांबासारखे ताठ.

"बाबा, श्वास घ्या."

"हलंल की ती."

"हलू द्या. तिला तेच पाहिजे."

त्यांनी घाबरत एक श्वास घेतला. पोरगी वर गेली, खाली आली. त्यांनी दुसरा घेतला. पारावर एका दमात सिद्धान्त सांगणारा हा माणूस आता एक श्वास मोजून घेत होता आणि मोजून सोडत होता.

रामकिसन लिफाफा घेऊन निघाले. धावड्याला रंग घेऊन जावा की नाही यावर ते बबलूशी जीपपर्यंत बोलत गेले. घरात जरा सामसूम झाली आणि तेवढ्यात दारात कोणीतरी खाकरलं.

"रामराम. उशीर झाला."

साहेबराव आले होते. राधेश्यामच्या कचेरीतले वरिष्ठ लिपिक. कंत्राटी लोकांच्या फायली वर जायच्या त्या यांच्या टेबलावरून. हातात बाळाच्या कपड्यांचा डबा होता. चतुराबाई उठल्या, दैवशाला उठली, आकांक्षानं पदर सारखा केला. काकासाहेब जन्मभर कारकुनासाठी उठत आले होते. बदली झालेल्यांसाठीसुद्धा उठायचे, न जाणो परत आले तर. त्यांचे गुडघे सवयीनं हलले. पातळाखाली पोरगी कुरकुरली. गुडघे जागच्या जागी थांबले.

"साहेब, बसा," काकासाहेब बसल्या जागेवरून, ओठातल्या ओठात म्हणाले. "जरा हळू. ड्यूटीवर हाय."

साहेबरावांनी उघड्याबंब काकासाहेबांकडे पाहिलं, त्यांच्या गळ्याखालच्या इवल्या टाळूकडे पाहिलं, आणि बूट काढून सतरंजीच्या कडेला टेकले. "राधेश्याम कुठं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

राधेश्याम समोरच होता. कोपऱ्यातल्या ज्वारीच्या पोत्याला टेकून, तोंड उघडं टाकून, साहेबाच्या देखत घोरत होता. आकांक्षा उठली. तिनं त्याला हलवलं नाही. त्याचा चष्मा तेवढा काढून फडताळात ठेवला.

चतुराबाईंनी साहेबरावांपुढं घुगऱ्यांची वाटी ठेवली आणि तोंडावर बोट ठेवलं. साहेबरावांनी मान हलवली आणि हरभरे एकेक करून, आवाज होऊ न देता, चावायला लागले.